चौदाव्या वर्षाची वेस

इतिहासाच्या तासाला सरांनी अमेरिकेतील आमाना वसाहतीचा उल्लेख केला. नाव मनात राहिले, म्हणून ग्रंथालयात जाऊन वाचले. आणि वाचताना सारखी ताई डोळ्यांपुढे येत राहिली.

धर्ममतांपायी जर्मनीत त्रास सोसलेली ही माणसे १८४२ पासून अमेरिकेत आली. आधी बफेलो शहराजवळ राहिली; पुढे १८५५ पासून आयोवा राज्यात त्यांनी गावे वसविली. अशी सात गावे झाली. शेती, गिरण्या, घरे सारे समाजाचे. जेवणही सामुदायिक स्वयंपाकघरात. गावोगावी शाळा होती, आठवड्याचे सहा दिवस भरणारी. जर्मन वाचन-लेखन, गणित आणि धर्मशिक्षण झाले की खेळ, मग हातकाम. मुलींबरोबर मुलगेही विणकाम शिकत! मी सुया हातात धरल्या असत्या तर आजीने घर डोक्यावर घेतले असते.

मात्र चौदावे वर्ष ही वेस. तेथे शाळा संपे. मग मुलगा शेतावर किंवा कारखान्यात, मुलगी स्वयंपाकघरात. डॉक्टरकीसारख्या कामासाठी मोजकेच मुलगे निवडून समाजाच्या खर्चाने बाहेर शिकायला पाठवीत.

‘निवडून’ या शब्दाशी मी थबकलो. आमच्याही घरात निवड झाली होती. गावातली शाळा आठवीपर्यंत. पुढे तालुक्याला जायचे, तर रोजचा खर्च. ताई चौदा वर्षांची, मी तिसरीत. “पोराला शिकवायचंय आपल्याला,” अण्णा म्हणाले. ताईला कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर खुरपायला जाऊ लागली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मुलगा म्हणून माझे कौतुक होते, तेव्हा ती चहा करीत असते.

आमानातली सामुदायिक व्यवस्था १९३२ साली लोकांनी स्वतःच मोडली आणि पुढे तेथील मुलांना हायस्कूलचे दार उघडले. आपल्याकडे कायद्याने दिलेला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांचाच. पुन्हा तोच आकडा!

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी ताईला सांगितले. मोजे विणणाऱ्या मुलग्यांना ती खूप हसली. मग हळूच म्हणाली, “आणि ज्या पोरींना पुढं शिकायचं असंल, त्यांनी काय करायचं रे?”

बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा का, असे मी तिला विचारले आहे. ती अजून ‘हो’ म्हणालेली नाही. पण ‘नाही’ही म्हणालेली नाही.