पायरीवरची खुर्ची

राजघराण्याचा शेवटचा अंकुर कुठेतरी आडवाटेला वाढतो आहे, जगाला त्याचा पत्ता नाही आणि इकडे राज्यं एकमेकांच्या उरावर बसली आहेत. एवढं मांडलं की अर्धी कादंबरी झालीच. असल्या जाडजूड कादंबऱ्यांची मला जुनी खोड आहे. त्यातही फिरून फिरून मी टोल्कीनपाशीच येतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५मध्ये निघाले. त्यानंतरच्या कित्येक लपलेल्या वारसांची वंशावळ तिथपर्यंत नेता येते.

त्यातला वारस पहिल्यांदा दिसतो तो ब्री गावच्या सराईत. भिंतीकडेला अंधारात बसलेला, चिखलाने बरबटलेले उंच बूट, डोक्यावरून ओढलेलं झापड, हातात लांब दांडीची चिलीम. गावातले लोक त्याला ‘स्ट्रायडर’ म्हणतात आणि चार हात लांब राहतात. गंमत म्हणजे हा कोण आहे, हे लिहिताना खुद्द टोल्कीनलाही ठाऊक नव्हतं. कवी ऑडेनला १९५५ साली पाठवलेल्या पत्रात त्याने तसं सांगून टाकलं आहे. सुरुवातीच्या खर्ड्यात तर तो लाकडी जोडे घालून टकटकत चालणारा हॉबिट होता! वारस लेखकापासूनच लपलेला असावा, हे मला फार आवडतं. कारण पुढे सगळं ठरून जातं: तो आरागॉर्न, त्याच्याकडे पूर्वजांच्या तलवारीचे तुकडे आणि पाठीशी पिढ्यान् पिढ्यांचा वंशवृक्ष. वाचकाला शंका घ्यायला जागाच उरत नाही.

म्हणून हल्ली मी आरागॉर्नपेक्षा डेनेथॉरची पानं जास्त उलटतो. गोंडोरच्या दरबारात उंचावर सिंहासन आहे, रिकामं. त्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर काळ्या दगडाची साधी, बिनानक्षीची खुर्ची. तिथे कारभारी बसतो, तो हा डेनेथॉर. राज्य शतकानुशतकं हेच घराणं चालवतं आहे. कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतकं लागतात, असं थोरल्या मुलाने लहानपणी विचारलं, तेव्हा डेनेथॉर म्हणाला होता की इतरत्र थोडी वर्षंही पुरत असतील, गोंडोरात दहा हजारही पुरायची नाहीत. आणि हाच माणूस खरा राजा दाराशी आल्यावर त्याच्यापुढे वाकायला साफ नकार देतो. रिकाम्या सिंहासनाशी इमान राखणं त्याला जमलं होतं. त्यावर कुणी येऊन बसणं मात्र सोसवेना.

हे वाचताना मराठी माणसाला सातारा आठवणारच. सत्ता पुण्यात आणि पेशवाईची वस्त्रं मात्र साताऱ्याच्या छत्रपतींकडून घ्यायची, ही रीत पेशव्यांनी अखेरपर्यंत मोडली नाही. शिवाय लपवलेला वारस आपल्याकडे खरोखरच निघाला. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले. त्यांना मुलगा नव्हता. तेव्हा पंचाहत्तरीच्या घरातल्या ताराबाईंनी जाहीर केलं होतं की आपला नातू गुपचूप वाढवलेला आहे. तो रामराजा.

आता पुरावा कसला द्यायचा? टोल्कीनने सुरेख दिला आहे. गोंडोरच्या रुग्णशाळेत डेनेथॉरचा धाकटा मुलगा निपचित पडलेला असतो. आरागॉर्न एक पाला मागतो. तिथले विद्वान वनस्पतिशास्त्रीबुवा त्या पाल्याची सगळी नावं सांगतात, पण त्यांच्या कोठीत एक पानही नसतं. ते तण म्हणूनच गणलेलं. शेवटी कुठूनशी मूठभर पानं येतात. तो दोन पानं तळहातावर चुरडतो, वाफाळत्या पाण्यात टाकतो, खोलीभर ताजा वास पसरतो आणि आजारी डोळे उघडतो. राजाच्या हाताला गुण असतो ही जुनी म्हण आयोरेथ नावाच्या बडबड्या म्हातारीला आठवलेली असते आणि गावभर बोभाटाही तीच करते.

साताऱ्याला असा पाला मिळायचा नव्हता. तिथे ठरलं ते असं: ताराबाईंनी सगळ्या लष्करासमोर रामराजाबरोबर जेवायचं आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा आपला नातू म्हणून सांगायचं. हा प्रसंग मला नेहमी दिसतो. ताटावर कोण काय जेवतंय याकडे कुणाचं लक्ष नाही, सगळ्यांच्या नजरा फक्त म्हातारीच्या घासावर. जानेवारी १७५०मध्ये रामराजा गादीवर आला. पण नानासाहेब पेशव्यांना दूर करायला तो तयार होईना, तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस आजीने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. पुढे हा आपला नातूच नव्हे, तोतया आहे, अशी शपथ १७५२ साली जेजुरीच्या खंडोबापुढे घेतली. पहिली शपथ खोटी की दुसरी? कादंबरीकाराला असा वारस परवडणार नाही, वाचक पैसे परत मागतील.

राजकारणाला मात्र तो छान परवडला. त्याला गादीवरून कुणी काढलं नाही. १७७७मध्ये मरेपर्यंत छत्रपती तोच. थोरल्या माधवरावांना आणि नारायणरावांना वस्त्रं याच्याकडूनच आली. नारायणरावांच्या खुनानंतर १७७३मध्ये रघुनाथरावांनीही इथूनच आणवली. पुढच्याच वर्षी बारभाईंनी त्याच रघुनाथरावांविरुद्ध अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी साताऱ्याला माणसं धाडली, तेव्हाही वस्त्रं मिळाली. देणारा खरा आहे का, हे या वेळी कुणी विचारलं नाही.