कुपीतला मोगरा

आमच्या माणदेशातल्या गावात मोगरा दोन प्रकारचा. एक आडाजवळच्या झुडपावरचा, दुसरा अत्तरवाल्याच्या कुपीतला. झुडपाला सांडपाणी मिळायचं, त्यावर ते कसंबसं जगायचं. उन्हाळ्यात त्याच्यावर ओंजळभर कळ्या यायच्या. त्या दिवस मावळताना खुडायच्या आणि घरातल्या सवाष्णींनी वाटून घ्यायच्या. रात्री कळ्या उमलल्या की अंगणात टाकलेल्या वाकळांवर घमघमाट सुटायचा. कुपीतला मोगरा मात्र पंढरपूरच्या वारीतून यायचा. त्याला पैसे पडायचे.

अत्तर तसं पुरुषांचं. लग्नाला, जत्रेला निघालेला बाप्या कानात अत्तराचा बोळा खोचायचा. बायकांच्या वाट्याला ते यायचं वर्षातून एकदा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. हळद, कुंकू, तिळगूळ, हाताच्या पालथ्या बाजूला अत्तराचं बोट आणि वरून गुलाबदाणीतल्या पाण्याचा शिडकावा.

त्या एका बोटानं प्रत्येकीचं काहीतरी वेगळंच व्हायचं. आई लांबूनच म्हणायची, "नगं बाई, कपाळ उठतंय." थोरली वहिनी रात्री पीठ मळताना डावा हात पाठीमागं धरायची, वास धुऊन जाऊ नये म्हणून. शेजारची म्हातारी नाक मुरडायची, "मयतावर घालत्यात तसला वास हाय." आजी हात दोनदा हुंगायची आणि अत्तरात तेल किती, मोगरा किती, ते सांगून मोकळी व्हायची. एकच कुपी, एकच मोगरा, पण नाकं चार आणि निवाडे चार.

पुढं शिकल्यावर कळलं, की यात कुणीच खोटं बोलत नव्हतं. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा एक घटक असतो. तो थोडा असला की फूल जिवंत वाटतं, जास्त झाला की कुजकट घाण येते. कुणाच्या नाकाला तो आधी कळतो, कुणाच्या नाकाला कळतच नाही. शिवाय कातडीचंही असतंच. तेलकट अंगावर अत्तर टिकतं, कोरड्या अंगावरून लवकर उडतं. कनौजला तांब्याच्या डेगीत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपतात. खाली मंद जाळ. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते आणि तिथलं चंदनाचं तेल तो वास पिऊन घेतं. म्हणून जुनं अत्तर झटक्यात उडायचं नाही, अंगाच्या उबेनं हळूहळू सुटायचं.

हळदीकुंकवाच्या त्या ओळीत आमची धाकटी चुलती कधी नसायची. तिला आम्ही जिजी म्हणायचो. विशीच्या आत कपाळ पुसलं गेलेलं. संक्रांतीला बायका यायच्या वेळी ती गोठ्यात तरी जायची, नाहीतर माळवदावर. तिला कुणी जा म्हणायचं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात आमच्याकडची सगळी माणसं कामावर गेली. जिजी खडी फोडायला जायची. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या हातात रोख पैसा आला. बरंचसं घरात जायचं, पण आजी त्यातले थोडे तिच्याच चंचीत ठेवायला लावायची. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. कार्तिकीला आजी आणि जिजी पंढरीला गेल्या. येताना जिजीनं बुक्का आणला, मला बांगड्या आणल्या आणि लुगड्याच्या घडीत करंगळीएवढी एक कुपी आणली. ती कुपी फक्त मी पाहिली होती. मी तेव्हा दहा वर्षांची असेन.

ती अत्तर कधी लावायची ते मला ठाऊक होतं. रात्री भांडी घासून झाली, हातपाय धुतले, की पदराच्या आतल्या टोकाला एक थेंब. पदर उशाला घेऊन ती झोपायची. तेवढंच.

एक दिवस पहाटेच तिनं लावलं असावं. वास गेला असं समजून ती आडावर पाण्याला गेली. मी बरोबर होते. एक बाई रहाट सोडून वळली, "कुणाच्या अंगाला मोगरा हाय गं?" कुणी बोलेना. मग एकीएकीनं हुंगत सगळ्यांची नजर जिजीवर आली.

"नवरा न्हाई, आन् अत्तार कुणासाठी?"

जिजीच्या हातातली घागर तशीच राहिली. गोष्ट आमच्या आधी घरी पोचली. दुपारपर्यंत भावकीतले दोघे सोप्यात येऊन बसले. आजी बाहेर आली, उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या हातची कुपी सांडली तिच्या लुगड्यावर. धुतलं तरी वास जाईना. आता काय लुगडं जाळू? तुमी नवं घेनार असाल तर जाळते." नवं लुगडं घ्यायचं म्हटल्यावर दोघंही उठले.

रात्री चुलीपुढं आजी जिजीला हळूच म्हणाली, "लावायचं तर रातीचंच लाव. आन् वास गेला म्हनून फसू नगंस. आपल्याला येत न्हाई, दुसऱ्याला येतुया." नाक आपल्याच अंगावरच्या वासाला काही वेळात सरावतं, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. आजीला ते न वाचता माहीत होतं. कसं माहीत होतं, हे मात्र तिला विचारायचं राहून गेलं. तीही तिशीतच विधवा झालेली होती.

नोकरीला लागल्यावर मी जिजीला शहरातून मोगऱ्याचा स्प्रे आणला. तिनं मनगटावर मारला आणि मान मागं घेतली. "ह्यो आधी नाकात घुसतुया, मग फूल दावतुया." तासाभरानं परत हुंगून म्हणाली, "आता बरा हाय. पर आता हाय कुठं?" त्याच दिवशी मी धीर करून विचारलं, "जिजी, तेव्हा कुणासाठी लावायचीस गं?"

"माझ्यासाठीच की. दिसभर खडी फोडून हाताला नुसता दगडाचा वास यायचा. झोपताना तरी दुसरा कसला तरी यावा."

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद. मी जिजीला बातमी वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतली. "अत्तराचं काय लिवलंय?" मी म्हटलं, बातमीत तरी नाही. "मग ते बी लिवाय पायजे हुतं," ती म्हणाली आणि शेंगा फोडू लागली.

पुढच्या संक्रांतीला आमच्या सुनेनं जिजीला पाटावर बसवलं. जिजीनं कुंकू नको म्हटलं, तिळगूळ घेतला आणि हात पुढं केला. पालथा नाही, उताणा. मनगटाची शीर दाखवून म्हणाली, "हितं लाव. हितं ऊब असती." दोघीजणी वाण न घेताच उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. पलीकडच्या घरची तरणी विधवा पोर दाराआडून बघत होती. जिजीनं तिला हाक मारली, "ये गं, आत ये. वास बघ, तुला सोसतुया का." ती बराच वेळ उंबऱ्यातच उभी राहिली. मग आत आली.