साथीदार

आमच्या आजोबांच्या मृदंगावाचून गावातील एकादशीचे भजन कधी रंगले नाही. गाणारा कितीही भरकटला, तरी आजोबांचा ठेका ढळत नसे. परंतु मी बारा वर्षांचा असताना, भजन ऐन रंगात आले असता, त्यांचा हात एकाएकी थांबला आणि ते मृदंगावरच कलंडले. क्षणभराने ते सावध झाले. आजी मात्र कितीतरी वेळ थरथरत होती.

आम्ही त्यांना शहरात नेले. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाची नाडी मिनिटाला साधारणतः 60 ते 100 वेळा पडते. आजोबांची मधूनच 35 पर्यंत उतरे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक इवलेसे केंद्र असते. तेथून निघणाऱ्या सूक्ष्म विद्युत्-लहरीने हृदय आकुंचन पावते. आजोबांचे ते केंद्रच थकले होते. ‘पेसमेकर’ बसवणे आवश्यक होते.

“यंत्राच्या जोरावर जगायचे? मग माझे असे काय उरले?” आजोबांनी मान फिरवली.

तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एक हकीकत सांगितली. 1958 साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन हे गृहस्थ हृदय मंदावून वारंवार बेशुद्ध पडत. रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने एक लहान यंत्र घडवले आणि ओके सेनिंग या शल्यविशारदाने ते त्यांच्या शरीरात बसवले. ते काही तासांतच बंद पडले! पण कोणीही धीर सोडला नाही. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलून लार्सन 2001 सालापर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले.

“आणि आजोबा,” डॉक्टर म्हणाले, “हे यंत्र हृदयाचे मालक नव्हे. ते नुसते कान देऊन असते. हृदय आपणहून चालले, तर स्वस्थ राहते. ठोका चुकला, तरच हलकेच चेतवते.”

आजोबांची मुद्रा उजळली. “म्हणजे गाणाऱ्याला सावरून घेणारा साथीदारच की! मग बसवा.”

गळ्याच्या हाडाखाली ती चपटी डबी बसली. तिची बारीक तार शिरेतून हृदयापर्यंत गेली. आता तर तारेवाचून थेट हृदयातच बसणारे, औषधाच्या मोठ्या गोळीएवढे पेसमेकरही निघाले आहेत.

घरी परतल्यावर मी हळूच आजोबांच्या छातीला कान लावला. घड्याळासारखी टिकटिक ऐकू येईल, असे मला वाटले होते. यंत्राचा आवाज मुळीच आला नाही. ऐकू आले ते आजोबांचे हृदय, आपल्या जुन्या ठेक्यात चाललेले.