सांधू न शके विधाता

फुटले मोती, तुटले मन, सांधू न शके विधाता. ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी कायम असायची. आजी अहमदनगरच्या ख्रिस्ती वस्तीतली, रविवारची उपासना न चुकवणारी. भावाभावांचं बिनसलं, शेजारणींनी अबोला धरला की ती हे म्हणून मोकळी व्हायची, आणि रात्री त्याच माणसांची नावं घेऊन प्रार्थना करायची. विधात्याला जमत नाही म्हणायचं आणि मागायचंही त्याच्याकडेच, यात तिला काही वावगं वाटत नसे. मला मात्र वाटतं. घटस्फोटानंतर तळोज्याला राहायला आल्यापासून ही म्हण माझी पाठ सोडत नाही.

मोती खरंच सांधत नाही का? शिंपल्यातला जीव आत शिरलेल्या खुपणाऱ्या गोष्टीभोवती थरावर थर चढवत राहतो, त्याचा मोती होतो. तो बाहेर काढला की ते काम थांबलं. मग फुटला तर चिकटवता येईल, पण नवा थर काही चढायचा नाही. म्हणजे म्हण रचणाऱ्याला मोत्याची पारख होती. फक्त त्यानं मनाला मोत्याच्या पंगतीला बसवलं, तिथे मी अडते. मन अजून शिंपल्यातच आहे, थर चढताहेत. पण थर चढणं म्हणजे सांधणं का? तडा तर आत तसाच असणार, वरून हात फिरवला तर लागत नाही एवढंच.

इथे फेज दोनमध्ये, सिडकोच्या इमारतीतल्या एका घरात आमची लहानशी मंडळी जमते. पलंग उभा करून भिंतीला टेकवतात, सतरंजी अंथरतात, स्वयंपाकघराच्या दारात पाण्याची भरलेली पिंपं असतात, त्यांच्या झाकणांवर गीतांची पुस्तकं ठेवलेली. एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी एक ताई तिथे मला भेटली. तिनं मला काही विचारलं नाही. शिफ्ट संपली की डबा घेऊन यायची, जेवायला बसवायची, प्रार्थना करायची आणि जायची. त्या प्रार्थनांनी मी पुन्हा झोपू लागले, पुन्हा गाऊ लागले. प्रभूनं मला हात दिला, हे मी कुणाहीपुढे सांगेन. आता पास्टर म्हणतात, साक्ष द्या. आधी असं होतं, मग असं झालं. ‘मग’पाशी माझं अडतं. काय झालं नेमकं? सांधलं, की दुसरंच काही मिळालं?

मराठी ख्रिस्ती घरात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण ऐकावंच लागतं. त्यांच्या नवऱ्यानं, नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं. सुमारे पाच वर्षं दोघं वेगळी राहिली, मग एकत्र आली, आणि 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. बघ, प्रभूनं जोडलं, असं मला सांगतात. पण तो संसार आधी मोडला होता तोही ख्रिस्तापायीच, हे कुणी बोलत नाही. शिवाय 1866 चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला धर्मांतरापायी जोडीदारानं सोडलं, तर तो कोर्टात जाऊ शकत असे. कोर्ट जोडीदाराला विचारी, वर्षभर थांबे, पुन्हा विचारी, आणि तरीही नकारच आला तर लग्न मोडून देई. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. कशामुळे, याचा मी फार विचार करते. आणि परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळं लगेच सोडलं नाही. नवरा ख्रिस्ती, घर ख्रिस्ती, आणि बाई आपलं पाणी वेगळं राखून आहे. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला एकत्र येण्यापेक्षा हेच दिवस खरे वाटतात. एका छपराखाली, तरी सगळं सांधलेलं नाही.

पाण्यावरून शोमरोनी बाई आठवते. योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली, भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली. पाच नवरे झालेले, आता जो घरात आहे तो नवरा नव्हे. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलत बसतो, आणि तो एका बाईशी बोलतो आहे याचं शिष्यांना नवल वाटतं. पाचांपैकी कुणाकडेही परत जा, असं तो सांगत नाही. मला यात मोठा आधार आहे. आमच्या ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यात 2001 पर्यंत बायकोला निव्वळ छळापायी सुटका नव्हती, सोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. 1869 सालापासून तसंच चाललं होतं. विहिरीवर मात्र कुणी तिच्याकडे पुरावा मागितला नाही. ती घागर तिथेच टाकून गावात धावली. पण संध्याकाळी घरी गेल्यावर त्या सहाव्या माणसाचं तिनं काय केलं? शास्त्र तिला गावात पोचवतं आणि तिथेच सोडतं. माझी सगळी अडचण त्याच्या पुढची आहे.

आमची नळाची वेळ चुकली की खाली टँकरशी बादल्या घेऊन उभं राहावं लागतं, तेव्हा हटकून ती घागर मनात येते. कुणीतरी ती परत आणलीच असेल. पाणी तर लागतंच.

आणि एक आहे, जे मी अजून ताईलाही सांगितलेलं नाही. रात्रीच्या प्रार्थनेत मी घरच्यांची नावं क्रमानं घेते, आजीनं लावलेली सवय. आई, भाऊ, भावजय, त्यांची मुलं, आणि पुढे ओघात त्याचं नाव येतं. कधी मी ते गिळते, कधी घेते. घेतलं तर वाटतं, हा अजून मोत्याचे तुकडे जुळवण्याचाच हट्ट आहे. गिळलं तर वाटतं, ज्यानं मला क्षमा केली त्याच्यापुढे बसून मी एक माणूस वगळते आहे. आजी असती तर म्हण म्हणाली असती आणि नावही घेतलं असतं. मला अजून दोन्ही एकदम जमत नाही, आणि जमायला हवं का, तेही ठरत नाही.