फवारणीची वर्षे सांगा

साठी ओलांडलेला रुग्ण समोर बसला की मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांची विचारपूस होतेच. मी आणखी एक प्रश्न विचारतो : शेतात फवारणी किती वर्षे केली? उत्तर बहुधा असे येते, "औषध होय? ते तर जन्मभर मारलं, डॉक्टर." विषाला औषध म्हणणारी आपली ही बोली मला नेहमीच खटकत आली आहे.

प्रश्नामागे कारण आहे. अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत कीटकनाशके फवारणाऱ्यांचा दीर्घकालीन अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला. त्यांतील ६७८ पुरुषांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. 'एमजीयूएस' नावाची अवस्था त्यांच्यात मिनेसोटातील सर्वसामान्य पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळली. या अवस्थेत अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा एक समूह एकाच साच्यातले प्रथिन तयार करीत राहतो. दुखत नाही, खुपत नाही. 'मल्टिपल मायलोमा' हा कर्करोग मात्र जवळजवळ नेहमी याच अवस्थेतून पुढे येतो.

घाबरू नका. दरवर्षी अशा शंभरांतील साधारण एकाचीच वाटचाल त्या दिशेने होते. बहुतेकांचे आयुष्य तिची चाहूलही न लागता सरते. शिवाय, संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे. म्हणून सरसकट सर्वांनी तपासणीसाठी धावावे, या मताचा मी नाही.

परंतु फवारणीत आयुष्य गेलेल्या वडिलांची पाठ आठवडेच्या आठवडे दुखत असेल, हिमोग्लोबिन विनाकारण घसरत असेल किंवा क्रिएटिनीन वाढत असेल, तर "वय झालं" म्हणून विषय मिटवू नका. 'सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस' ही साधी रक्ततपासणी करावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. फवारणीची वर्षेही त्यांना आवर्जून सांगा. एमजीयूएस आढळलीच, तर सहसा औषधोपचार नसतो. ठरावीक काळाने रक्त तपासून लक्ष ठेवायचे असते. तेव्हा जुने अहवाल जपून ठेवा.

आणि घरातल्या आजींनाही विचारा. पंप त्यांनी कधी पाठीवर घेतला नसेल. पण फवारणीचे ओले कपडे वर्षानुवर्षे उघड्या हातांनी कोणी धुतले? कीटकनाशक त्वचेतूनही शरीरात शिरते. आजही ते कपडे वेगळे, हातमोजे घालून धुवावेत आणि रिकामा डबा घासूनपुसून धान्यासाठी वापरू नये.