मधल्या दिवसांची कळ

प्रिय चिऊ,

बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या आणि तू उजव्या कुशीत हात दाबून आतल्या खोलीत गेलीस, ते मी पाहिलं. मागोमाग आले तर गाद्यांच्या चळतीला टेकून बसली होतीस. "मावशी, पाळी होऊन गेली, पुढची यायला अवकाश आहे, मग मध्येच का दुखतं गं?" आणि मग अगदी खालच्या आवाजात, "माझ्यात काही दोष तर नसेल?" तेवढ्यात कुणीतरी घुगऱ्यांच्या वाट्या घेऊन आलं आणि बोलणं तिथंच राहिलं. फोनवर बोलायला तुला एकांत नसतो, म्हणून लिहिते.

'दोष' हा शब्द आधी काढून टाक. तो पत्रिका बघणाऱ्यांना लखलाभ असो.

१९९१ साली मी चोवीस वर्षांची होते, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. एका दुपारी उजवीकडे अशी कळ आली की कणीक मळता मळता खाली बसले. दवाखान्यात अपेंडिक्स ठरलं, ऑपरेशनची भाषा सुरू झाली, तुझे काका पैशांच्या जुळवाजुळवीला धावले. रात्रपाळीच्या वयस्कर सिस्टरनी नाडी बघता बघता विचारलं, "पाळी कधी आली होती?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. बोटांवर मोजलं, पंधरावा दिवस. त्या डॉक्टरांशी जाऊन बोलल्या आणि सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. सकाळी कळ गायब होती, आणि मला सपाटून भूक लागली होती.

त्या दिवसांत काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. अंडाशयात दर महिन्याला पाण्याची एक पिशवी वाढते, फॉलिकल म्हणतात तिला. वाढून वाढून टपोऱ्या द्राक्षाएवढी, साधारण दोन सेंटीमीटरची होते. ती अंडाशयाचं आवरण ताणते आणि मग फुटते. स्त्रीबीज बाहेर पडतं, सोबत थोडं पाणी, कधी थेंबभर रक्त. ते पोटाच्या आतल्या अस्तराला झोंबतं. ज्या बाजूला बीज तयार झालं त्या बाजूला दुखतं, कुणाला काही मिनिटं, कुणाला एक-दोन दिवस. साधारण पाच जणींत एकीला हे होतं. डॉक्टर त्याला जर्मन नावानं ओळखतात, मिटेलश्मेर्त्स, म्हणजे 'मधलं दुखणं'. आपल्या बायकांच्या बोलण्यात याला वेगळं नाव मी तरी ऐकलेलं नाही. "पोटात दुखतंय" एवढ्यावर सगळं भागवायचं!

या दुखण्यानं दिवस राहण्यात आडकाठी येत नाही. उलट बहुतेक वेळा बीज बाहेर पडण्याच्या सुमारासच ते येतं. मात्र कळ आली म्हणजे बीज सुटलंच, अशी ती पोचपावतीही नव्हे.

आता हिशेबाचं. चौदावा दिवस, चौदावा दिवस असं सगळ्या सांगतात, ते अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचं गणित. १९२०च्या दशकात जपानमधले ओगिनो आणि ऑस्ट्रियातले क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा, साधारण चौदा दिवस. तुझी पाळी बत्तीस दिवसांनी येते, म्हणजे तुझा दिवस अठरावा. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून कळ येईपर्यंत थांबायचं नाही, आधीचे दिवस जास्त कामाचे. (मावशी काय काय लिहिते, असं वाटेल. त्याच दशकात, १९२७ साली, र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि असले प्रश्न मराठीत छापायला सुरुवात केली. मग मी पाकिटातल्या पत्रात का लाजू?)

आपल्या आजीच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीची बारीक फुली असायची. तू फुलीबरोबर एक टिंबही दे, कळ आली त्या दिवशी. बाजू लिही, किती वेळ दुखलं तेही लिही. तीन महिन्यांचं असं पान डॉक्टरांपुढे ठेवलंस की निम्मं काम होतं.

कारण सगळीच दुखणी अशी निरुपद्रवी नसतात. माझ्या बँकेतल्या मैत्रिणीला पाळीत उठवत नसे, शौचाला बसताना कळा यायच्या, नवऱ्याजवळ जाणं नको व्हायचं. "एक मूल झालं की सगळं थांबतं," असं ऐकण्यात तिची कितीतरी वर्षं गेली. शेवटी दुर्बिणीतून पाहिल्यावर एंडोमेट्रिऑसिस निघालं, अंडाशयावर चॉकलेट सिस्ट. सोनोग्राफी आधी एकदा 'नॉर्मल' आली होती. हा आजार दहांतल्या एकीला असतो आणि त्यानं मूल होण्यात खरंच अडथळा येऊ शकतो. तुझं दुखणं दोन-तीन दिवसांच्या पुढे लांबलं, महिन्यागणिक वाढलं किंवा असलं काही जाणवलं, तर कुणाचं ऐकत बसू नकोस. ताप आला, उलट्या झाल्या, घेरी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

एरवी गरम पाण्याची पिशवी पुरते. पर्समध्ये दुखणं थांबवायच्या गोळ्यांची पट्टी दिसली मला. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्या दिवसांत सतत घेतल्या तर काही जणींत फॉलिकल फुटायचंच राहून जातं. मूल हवं असताना कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचार.

तुमच्या लग्नाला आठ महिने झाले. तू एकोणतीस वर्षांची आहेस. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न केल्याशिवाय डॉक्टरही वंध्यत्वाचा विचार करत नाहीत. पस्तिशीनंतर सहा महिने. हळदीकुंकवातल्या बायकांचं कॅलेंडर वेगळं असतं, त्याला इलाज नाही.

आणखी एक, जे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. आम्हाला तीन वर्षं मूल नव्हतं. माझं रक्त तपासलं, मग सोनोग्राफ्या, मग नळ्यांचा एक्स-रे, त्यात मी टेबलावर किंचाळले होते. सोमवार धरले, नवस बोलले. दर महिन्याची ती कळ मला सांगत होती की माझं चाललंय, पण मीही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तुझ्या काकांची तपासणी सगळ्यात शेवटी झाली. ती तर सगळ्यात सोपी, आणि उत्तर तिथंच होतं. घरी परतताना रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत. उपचार झाले, पुढे दादा झाला. नवसाचं श्रेय सासूबाईंनी घेतलं, ते मी घेऊ दिलं.

तेव्हा डॉक्टरांची वेळ घेतलीस की जावईबापूंनाही ने. बाहेरच्या बाकावर मोबाईल बघत बसवू नकोस, आत ने. मी संक्रांतीनंतर येतेच आहे, तोवर दोन टिंबं तरी झालेली असतील.

तुझी,
मावशी