जयेंद्रगंजातला मोडेम

दिवाळीच्या आधी जयेंद्रगंजातलं आमचं घर आवरायला घेतलं, तर माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला लॅपटॉप सापडला. सोबत एक मोडेम आणि फोनच्या वायरीचं भलंमोठं भेंडोळं. आवरणं राहिलं बाजूला, मी तिथेच पायरीवर बसले.

गोष्ट २००२ सालची. दादा अमेरिकेत नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत त्याला येता आलं नव्हतं. अण्णा फोनवर एवढंच म्हणाले होते, "आता नाही आलास तरी चालेल." झालं! त्यानंतर दर रविवारी दादाचा फोन यायचा आणि अण्णा रिसीव्हर तसाच आईच्या हातात द्यायचे, "घे, तुझ्या मुलाचा आहे." आधी बोलायचं कोणी, यावर सगळं अडलेलं.

अशात दादानं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना एका ओळखीच्यांबरोबर माझ्यासाठी पाठवला. मी तेव्हा कमलाराजा कॉलेजात बी.एस्सी.ला. आयबीएमचा थिंकपॅड, त्यात विंडोज ९८. बॅटरी मेलेली, म्हणजे लाईट असेपर्यंतच त्याचा जीव. आणि तेव्हा लाईट किती जायची ते तुम्हाला सांगायला नकोच.

लॅपटॉपात मोडेम नव्हता. मग बाजारातून बाहेरून जोडायचा मोडेम आणला, मागच्या नऊ पिनांच्या पोर्टात बसणारा. त्याचं सॉफ्टवेअर सीडीवर, आणि आमच्या लॅपटॉपाला नुसती फ्लॉपी! दुकानदारानं दोन फ्लॉप्यांवर उतरवून दिलं. घरी आले तर दुसरी फ्लॉपी वाचेचना. भर उन्हात परत दुकानात.

फोन बाहेरच्या खोलीत, टेबल मधल्या खोलीत. मी वायर कशी न्यावी याचा विचार करत होते, तेवढ्यात अण्णा पक्कड घेऊन उभे. इतके दिवस त्या लॅपटॉपाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण वायर म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. अण्णा तारखात्यातले. मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर उमेदवारी केलेली, पुढे टेलिप्रिंटर, १९९७ साली रिटायर. दाराच्या चौकटीवरून एकेक खिळा मारत त्यांनी वायर अशी नेली की आईच्या तोरणालासुद्धा धक्का नाही.

सगळं जोडलं, नंबर लावला. स्क्रीनवर आलं, एरर ६८०. डायल टोन नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. फोन उचलून बघावं तर टोन छान येतोय! तीन संध्याकाळी यात गेल्या. दुकानदार म्हणाला, मोडेम बदलून देतो.

अण्णा म्हणाले, "थांब. लाईन आधी ऐकावी लागते." मोडेमचं पुस्तक घेऊन लाल पेन्सिलीनं खुणा करत ते रात्री उशिरापर्यंत बसले. सकाळी चहा घेताना म्हणाले, "मोडेममध्ये दोष नाही. त्याचा कान अमेरिकन आहे. तिकडचा टोन एकसारखा सरळ वाजतो, आपला घुमत घुमत येतो. याला तो टोन वाटतच नाही, म्हणून बिचारा वाट बघत बसतो."

"मग काय करायचं?"

"वाट बघू नको म्हणून सांगायचं. थेट नंबर लावायचा."

आणि खरंच, सेटिंगमध्ये डायल टोनची वाट पाहण्याची एक खूण होती, ती काढली. वरून पुस्तकात शोधलेली 'एक्स ३' ही आज्ञा टाकली. मोडेमनं टकटक न करता नंबर फिरवला, पलीकडून किणकिण आली, मग ती ओळखीची खरखर, शिट्ट्या. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. "दोघं एकमेकांना विचारतायत," ते म्हणाले, "तुला किती वेगानं ऐकू येतं म्हणून." ठरलं ३१,२०० वर. डब्यावर ५६ के लिहिलेलं, पण आपल्या लाईनीवर तेवढंही खूप! तेवढ्यात आईनं आतला फोन उचलला आणि सगळं तुटलं. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा लागलं तेव्हा मी दादाला लिहायला बसले. अण्णा म्हणाले, "सरक जरा." दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी, त्यांनी लिहिलं: लॅपटॉप पोचला. लाईन चालू. आजीची खोली रिकामी. ये. अण्णा.

मी म्हटलं, "अण्णा, इथे शब्दाचे पैसे नाही लागत."

"माहितेय. पण लाईट जाईल ना."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चांगलं लांबलचक. तास वाया जाऊ नयेत म्हणून मी ते उतरवून घेऊन लाईन तोडली. अण्णांनी मला बाहेर जायला सांगितलं. बराच वेळ ते एकटेच वाचत होते. त्या रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी रिसीव्हर आईला दिला नाही. पहिलं वाक्य बोलले ते लाईनीच्या खरखरीविषयीच, पण बोलले.

दादा त्याच डिसेंबरात आला. आजीच्या खोलीत राहिला.

जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. अण्णा म्हणाले, "आमचं दुकान उठलं, तुमचं चालू राहू दे." २०१९ मध्ये अण्णा गेले, तेव्हा दादा इथेच होता, त्यांच्या उशाशी.

लॅपटॉप आता सुरू होत नाही. मोडेमचा दिवा मात्र लागला. चौकटीवरचे खिळे अजून तसेच आहेत, ते काढायचे नाहीत असं दादाला कळवलंय.

तुमच्या घरी पहिलं इंटरनेट कधी आलं? आणि पहिली मेल कोणाला लिहिली? जरूर सांगा.